फोनमधलं पिल्लू

दिवस कलायला लागला की आमच्याकडं आधी स्पीकर लावतात, मग दिवे. गोठ्याच्या खांबाला खिळा मारून तो टांगलेला आहे. हातभर लांबीचा, काळा, ब्लूटूथवाला. माझ्या फोनवरून त्याच्यावर काहीही लावायचं. कीर्तन चालतं, बाजारभाव चालतात, कुणी बाई भरली वांगी शिकवत असली तर तीही चालते. काय लागलंय याला महत्त्व नाही, फक्त माणूस बोलत असला पाहिजे. माणसाचा आवाज असला की बिबट्या वस्तीजवळ येत नाही, असं वनखात्याची माणसं सांगून गेली. खरं-खोटं बिबट्यालाच ठाऊक. पण संध्याकाळी निरगुडसरकडून आमच्या बाजूला गाडीवर या, एका मळ्यात कीर्तनकार टाळ्या घेतोय, पुढच्या मळ्यात क्रिकेटची मॅच चाललीय, त्याच्या पुढं कुणीतरी शेअर बाजार समजावून सांगतोय. ऐकायला चिटपाखरू नाही. सगळे आपापल्या घरात कड्या लावून बसलेले असतात आणि बाहेर उसाला शेअर बाजार कळत असतो.

मी भित्री बाई आहे. माहेर गावठाणात, घराला घर लागून. लग्न झाल्यावर इथं मळ्यात आले, तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला कॅनॉल. उसाच्या पात्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं कुणीतरी कुजबुजतंय. नवरा हसला होता. नंतर बिबटे वाढले, पलीकडच्या वस्तीवरची शेळी गेली, वासरू गेलं, मग माणसांच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा त्यांचंही हसणं कमी झालं. लोक म्हणतात, सवय होते. मला तर झाली नाही. बिबट्या मान धरतो म्हणून खुरपायला जाताना बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात, मीही बांधते.

आमच्याकडं कुत्रा होता. तांबूस, गावठी, एक कान मोडका. पिल्लू असताना नवऱ्यानं मंचरच्या बाजारातून पिशवीत घालून आणला होता. लेक तेव्हा इतकी लहान होती की ती आणि ते एकाच गोधडीवर लोळायचे. तो मोठा झाला, पायरीजवळ बांधलेला असायचा. एका संध्याकाळी आम्ही आत जेवायला बसलो होतो आणि बाहेरून त्याचं ओरडणं आलं, पण अर्धंच. बाहेर आलो तर साखळी होती, पट्टा होता. मी लेकीला आत कोंडलं, पायरी धुतली, पुन्हा धुतली, मगच दार उघडलं. तिनं पट्टा उचलून नेला आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला. खूप दिवस तो तिथंच होता.

त्या दिवसापासून माझा कायदा झाला, घरात कुत्रं नाही. कुत्रं पाळणं म्हणजे बिबट्याला आवतण. बिबट्याला कुत्र्याइतकं काही गोड लागत नाही, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण लेकीला कोण समजावणार? सहावीत गेली तरी एकच धोशा, पिल्लू पायजे. शाळेमागं कुत्री व्यायली की डब्यातली चपाती तिकडं जायची. घरी आली की मी आधी तिचे हात हुंगायचे. पिल्लांच्या अंगाचा एक आंबूस वास असतो, तो आला की मी तिला आधी हात धुवायला पिटाळायचे. हा वास घेऊन ही पोर उसाच्या कडेनं चालत आलीय, एवढंच डोक्यात यायचं.

"आई, एकच. बारीकसं. रात्री माझ्यापाशीच झोपंल. भायेर काढायचंच न्हाई."

"ते वरडंल का न्हाई?"

"मी वरडू दिणार न्हाई."

"पिल्लाचं तोंड काय तू हातानं धरून बसणार हायस?"

माझ्यासमोर तिचं चालायचं नाही म्हणून तिनं बापाला धरलं. हे बापलेक म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. नवऱ्याला चेष्टेशिवाय घास गिळत नाही. एक दिवस जेवताना तिनं डोळ्याला पदर लावायचंच काय ते बाकी ठेवलं, तर हे म्हणाले, "तुज्या आईवानी रडून काय व्हत न्हाई. मला रडवून दाखव. माज्या डोळ्यात पाणी आलं, तर दुसऱ्या दिवशी पिल्लू आणतो. शब्द!"

मी तिथंच ताट आपटलं. "असले शब्द देत जाऊ नका."

"अगं, मी कुठं रडतो? सासऱ्याचं जेवाण बघून पण रडलो न्हाई."

ते खरं होतं. माझ्या बापाच्या हातचं कालवण म्हणजे नुसता तिखटाचा जाळ, आणि कांदा चिरतानाही या माणसाचे डोळे कोरडे असतात. स्वतःची आई गेली तेव्हा ते सरणाची लाकडं रचत होते. म्हणून मी थोडी निवांत झाले. पण लेकीनं ते शब्द गाठीला बांधले.

शाळेतल्या कुणा मैत्रिणीनं तिला दाखवलं होतं, फोनवर नुसतं बोलायचं, काय पायजे ते सांगायचं, की एआय त्याचा व्हिडिओ करून देतं. रोज थोडे फुकट. तिनं ठरवलं, पप्पांना रडवणारा व्हिडिओ करायचा. एका मिनिटाच्या आतला. पिल्लू नसलेल्या मुलीचा.

खरं सांगायचं तर मला आधी बरंच वाटलं. फोनमधलं पिल्लू. त्याला वास नाही, त्याला बांधायला नको, त्याला कोण उचलून नेणार? करू दे, म्हटलं. नवरा काही रडायचा नाही आणि हिची हौस फिटेल. म्हणून रोज दुपारी शाळेतून आल्यावर फोन तिच्या हातात द्यायला लागले आणि हळूहळू मीही तिच्या शेजारी बसायला लागले.

पहिलं पिल्लू आलं ते पांढरं, गुबगुबीत, कापसाच्या बोळ्यासारखं. मागं हिरवळ, पांढरं कुंपण, आणि मुलीच्या पायांत लाल बूट. लेक वैतागली. "ए, गावठी पायजे," ती फोनला म्हणाली. मग तांबूस आलं, पण इतकं स्वच्छ की लग्नाला निघाल्यासारखं. मी म्हटलं, "त्याला सांग, चिखलात लोळलेलं." मग चिखलातलं आलं. मग आईचं चित्र मागितलं तर नऊवारी नेसलेली, नाकात ताटाएवढी नथ, हातात समई घेतलेली बाई आली. लेक हसून हसून लोळली. "आई, तू बघ!" मी तेव्हा तिच्या बापाचा जुना शर्ट घालून, डोक्याला टॉवेल बांधून बसले होते. ऊस मागितला तर दोनदा बांबू आले आणि एकदा मका. शेवटी मी दारातून उसाचा फोटो काढून दिला, तेव्हा कुठं त्याला कळलं.

आणि तिथंच एक झालं. मुलगी पायरीवर बसलीय, समोर पिल्लाचं रिकामं ताटलं, मागं ऊस, संध्याकाळ, असं तिनं सांगितलं होतं. व्हिडिओ आला तो अगदी आमच्याच दारातला वाटावा असा. मुलगी खाली मान घालून बसलेली. आणि तिच्या मागं, उसात, खालच्या बाजूला, पाती हलली. सगळी नाही, एकाच ठिकाणची. आतून काहीतरी सरकत गेल्यासारखी.

"हे काढ," मी म्हटलं.

"आई, वाऱ्यानं हलतंय."

"वारं असं एका जागेवर हलवत न्हाई. काढ ते. आत्ता."

"पण कुणी सांगितलं न्हाई त्याला. आपोआप आलंय."

मला तर त्याचंच भ्या वाटलं. कुणी न सांगता आलं होतं. तिनं कुरकुर करत तो तुकडा काढून टाकला आणि मुलगी घराच्या भिंतीला टेकून बसलेली असा दुसरा केला. तरी त्यानंतर मी दिवसासुद्धा उसाकडं बघताना तीच जागा शोधायला लागले. लेकीला वेणी घालताना दाराकडं तोंड करून बसायला लागले.

शेवटी तिला माझा आवाज हवा होता. व्हिडिओतल्या मुलीला तिची आई आत बोलावते आणि मुलगी रिकाम्या ताटल्याकडं बघत उठते, असा शेवट. मला म्हणाली, "मायेनं म्हण." मी मायेनं म्हणायला गेले आणि फोनकडं बघून माझा आवाज बारीक झाला, शाळेत कविता म्हणताना व्हायचा तसा. दोनदा, तीनदा. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी, बाहेर गाईचं हंबरणं. मी वैतागून म्हटलं, "बास झालं. आत ये. दार लावायचंय मला."

तिनं फोन खाली घेतला आणि हसली. "हे घेतलं मी. हे बराबर हाय."

पिल्लाच्या आवाजाचं काय केलं हे मात्र तिनं मला सांगितलं नाही. एआयनं दिलेलं भुंकणं खोटं वाटतंय, असं म्हणत होती. मी लक्ष दिलं नाही. कपाटात तिच्या बापाचा जुना, काच फुटलेला फोन आहे, त्यात ती दोन दिवस काहीतरी हुडकत होती. वाटलं, गाणी शोधतेय.

त्या संध्याकाळी नवरा डेअरीवर गेला होता. मी रोजच्यासारखा स्पीकर चालू केला, लेकीला आतून कीर्तन लावायला सांगितलं आणि धारेला बसले. गोठा घराच्या मागच्या अंगाला आहे, मधे कोपरा येतो. कीर्तन थोडा वेळ चाललं. मग थांबलं. वाटलं, नेट गेलं. बादलीत धारेचा आवाज येत होता, तेवढाच.

आणि पिल्लू रडायला लागलं.

बारीक, नाकातून, लांबवलेलं कण्हणं. आईपासून तुटलेलं पिल्लू पहिल्या रात्री रडतं ना, तसं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा मधेच थांबलं, पुन्हा पहिल्यापासून. मला कुठून येतंय कळेना. कडब्याच्या मागून, डोक्यावरून, सगळीकडूनच येतंय असं वाटत होतं. माझे हात सडावर तसेच राहिले. तो आवाज मी ओळखत होते. कुणाचा हे आठवलं नाही, पण अंगाला आठवलं. त्या आवाजानं मी पूर्वी कितीदा तरी गोधडीतून उठून गेले होते.

मला कसलीच शंका आली नाही. आली ती फक्त एकच गोष्ट मनात, लेकीचं पिल्लू आलं! शाळेमागचं एखादं तिच्या मागं मागं इथवर आलं. आणि खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. कायदा करणारी मी, हात हुंगणारी मी, पण त्या वेळेला मला नुसता आनंद झाला.

गाय दूध चोरायला लागली होती, धार येईना. तिनं कान ताठ केले होते, पाय झाडत होती. पिल्लाला बिचकली, असं मला वाटलं. बादली बाजूला ठेवली. घुंगरांची काठी असते माझी, अंधार पडायला लागला की तिच्याशिवाय मी हलत नाही. तीही दावणीला टेकवून ठेवली, कारण पिल्लू उचलायला दोन्ही हात लागतात. आणि वाकून, कडब्याखाली बघत, मी त्याला बोलवायला लागले. "यू यू यू... ये रं बाळा, यू यू यू..."

इथं लहान पोरालासुद्धा शिकवलेलं असतं की मळ्यात वाकून बसायचं नाही. वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, शेळी-कुत्र्याएवढं दिसतं. मी वाकले होते, गुडघ्यावर, गोठ्याच्या बाहेर, हत्तीगवताच्या कडेला. उजेड होता, पण विझत आलेला.

मान वर केली तेव्हा तो बसलेला होता.

गवताच्या पलीकडच्या बांधावर. मधे एक बैलगाडी उभी राहील एवढंच अंतर. पुढचे पाय जवळ घेतलेले, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. तो माझ्याकडं बघत नव्हता. मान थोडी तिरकी करून, खांबावरच्या स्पीकरकडं बघत होता. पिल्लू रडलं की त्याचा कान हलायचा. थांबलं की तोही थांबायचा. तेव्हा मला कळलं, आवाज कुठून येतोय आणि कुणाचा आहे. तो आमचाच कुत्रा होता. पहिल्या रात्रीचा. नवऱ्यानं जुन्या फोनमध्ये घेतलेला. ज्यानं त्याला नेलं तो हाच की दुसरा कुणी, देव जाणे, पण त्याच्याच रडण्यावर हा पुन्हा आला होता.

ओरडायचं असतं, हात वर करायचे असतात, उभं राहून मोठं दिसायचं असतं, सगळं मला पाठ होतं. मी कुणाकुणाला शिकवलंही होतं. पण तोंडातून हवासुद्धा निघेना. काठी हाताला लागेना, कारण ती दावणीशी होती.

आणि कोपऱ्यावरून लेक आली.

हसत आली. तिनं माझं यू यू ऐकलं होतं. आत ती कीर्तन थांबवून आपला व्हिडिओ लावून बसली होती, चिडून. फोनला आवाजच येत नव्हता. आवाज स्पीकरवर जातोय हे तिच्या ध्यानात नव्हतं. तिनं आवाज पूर्ण वाढवला, पुन्हा पहिल्यापासून लावला, पुन्हा लावला. शेवटी फोन तसाच चालू बाजेवर टाकला आणि मला सांगायला निघाली, तर बाहेरून पिल्लू रडतंय आणि आई त्याला बोलावतेय. तिनं दुसरं काय समजायचं?

"आई, कुठंय? मला दे ना. मी धरते."

तिचं तोंड माझ्याकडं होतं. बांध तिच्या पाठीमागं पडला होता. आणि ती खाली बसली. उकिडवी, दोन्ही हात पुढं करून, माझ्यासारखीच. "यू यू यू..."

ती तशी बसलेली मला अजून दिसते. निळा फ्रॉक, वेणीची रिबीन सुटलेली. एवढीशी पोर, पाठ त्याच्याकडं. बिबट्यानं मान स्पीकरवरून खाली आणली आणि तिच्याकडं वळवली. मी आई आहे, मी मधे उडी घ्यायला हवी होती. मी जागची हलले नाही. आत मी देवाला हाका मारत होते, नवऱ्याला, मेलेल्या सासूला.

"बास झालं. आत ये. दार लावायचंय मला."

एवढ्या मोठ्यानं आलं की गाय दाव्यासकट उडाली. माझाच आवाज. खांबावरून, पूर्ण वाढवलेला, वैतागलेला. बाजेवर पडलेला व्हिडिओ या वेळी शेवटापर्यंत गेला होता.

लेक उभी राहिली. त्या आवाजाला ती लहानपणापासून उभी राहत आलीय, विचार न करता. उभी राहून तिनं माझ्याकडं बघितलं, आणि माझं तोंड हललं नव्हतं हे तिला दिसलं. मग मी कुठं बघतेय तिकडं तिनं मान वळवली. तो तोवर उठला होता. घाई न करता वळला आणि उसात गेला. पाती हलली. एकाच ठिकाणची.

आम्ही मागं मागं चालत घरात आलो. तिचा हात मी इतका घट्ट धरला होता की मनगटावर वळ उठले. कडी लावली, कडीला काठी लावली. ती रडली नाही. मी रडले. बाहेर गाय ओरडत होती आणि तिच्याकडं जायची माझी हिंमत नव्हती. नवरा आला, ट्रॅक्टरचा हॉर्न दाबत आला, कारण मी फोनवर काय बोलले ते त्यांना धड कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं येऊन ठसे बघून गेली. बांधाच्या ओल्या मातीत चांगले उमटले होते. त्यातला एकजण म्हणाला, "स्पीकर लावत जा, ताई, पण माणूस बोलता ठेवा." आणि गावात काय झालं? जो तो म्हणायचा, "व्हिडिओ हाय का, वहिनी?" नाही म्हटलं की तोंडं पडायची. एकानं तर मला समजावलं, "आजकाल लई खोटे बिबटे फिरत्यात बघा मोबाईलवर. एआयचा असंल." मी म्हटलं, "भाऊ, माज्या गोठ्यापाशी बसला व्हता तो." तर म्हणाला, "तेच म्हणतोय मी. हुबेहूब वाटतो, राव!" त्याच्या कानाखाली वाजवायची राहिली ती राहिलीच.

लेक मात्र बदलली. पिल्लाचं नाव काढेना. शाळेतून आली की घराच्या मधल्या खोलीत, दारं-खिडक्यांपासून लांब, भिंतीला टेकून बसायची. माझा फोन हातात आला की आधी त्याचा आवाज बंद करायची. डबा सगळा संपवून यायची. मी सवयीनं तिचे हात हुंगायचे, तर साबणाचा वास. मला हवं होतं तेच झालं होतं. पोर भ्यायला शिकली होती. रात्री मी तिच्या शेजारी पडून तिचा श्वास ऐकायचे आणि बिबट्याचीही वाटली नव्हती एवढी भीती मला त्या गप्प पोरीची वाटायची.

व्हिडिओ तिनं बापाला दाखवलाच नाही. त्यांनी तो आपला आपण बघितला. हवामान बघायला माझा फोन घेतला होता, त्यात सापडला. ओट्यावर उभे राहून, आवाज अगदी बारीक करून, कानाशी धरून बघत होते. मी आतून बघत होते. रिकाम्या ताटल्याशी बसलेली मुलगी, चिखलातलं पिल्लू, आणि त्यावर आमच्या कुत्र्याचं पहिल्या रात्रीचं रडणं. ते संपलं तरी त्यांनी फोन कानाचा काढला नाही. डोळे पुसले नाहीत. पुसले तर मला दिसेल, असं त्यांना वाटलं असावं. गालावरून आलेलं पाणी तसंच हनुवटीवरून शर्टावर पडलं. कांद्याला न भिणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वर डोंगरात, तळेघरला पावण्यांकडं जाऊन येतो." कशाला, ते मला कळलं होतं. ज्या बाईनं ताट आपटलं होतं ती दारात उभी राहून म्हणाली, "सांभाळून या." आता एखादं पिल्लू घरात राहिलं, आतल्या आत, दार लावून, तर ही पोर पुन्हा बोलेल, असं मला वाटत होतं. बिबट्याची भीती गेली होती असं नाही. दोन भीतींमधली एक निवडायची होती.

उन्हं उतरताना ते आले. शर्टाची वरची बटणं उघडी आणि आतून एक काळं नाक बाहेर आलेलं. काळंभोर पिल्लू, छातीवर पांढरा ठिपका. ओट्यासमोर उभे राहिले आणि हाक मारली, "ए, बघ तर कोण आलंय. हरलो मी. रडलो."

लेक दारात आली. तिनं पिल्लू बघितलं. तिचे हात पुढं आले, खरंच आले, मी बघितले. तेवढ्यात पिल्लू कण्हलं. लांब प्रवासानं असेल, भुकेनं असेल, बारीक, नाकातून.

तिनं हात मागं घेतले आणि पाठीशी धरले.

"नको, पप्पा. ते वरडतंय."

"अगं, भूक लागलीय त्याला. घे तर खरं."

ती त्यांच्याकडं बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून पलीकडं, उसाकडं बघत होती. एकाच जागेकडं. आणि मग आम्हा दोघांना उद्देशून, माझ्याच सुरात म्हणाली, "बास झालं. आत या. दार लावायचंय मला."

आम्ही आत गेलो. तिनं स्वतः कडी लावली, कडीला काठी लावली.

पिल्लू त्या रात्री बांबूच्या पाटीत झोपलं, माझ्या उशाशी. रडलं की मी बोट चोखायला द्यायचे. लेक मधल्या खोलीत होती आणि जागी होती, हे मला कळत होतं. उजाडल्यावर नवऱ्यानं पिल्लू परत न्यायला पुन्हा शर्टात घातलं. गाडी सुरू केली तेव्हा ती दारात आली. हातात तो जुना पट्टा होता. पिल्लाच्या मानेला तो दोनदा गुंडाळला तरी मोठाच झाला, म्हणून तिनं तो बापाच्या खिशात घातला.

"तिकडं ऊस न्हाई ना, पप्पा?"

"न्हाई गं. तिकडं भात अन् नाचणी."

"मग बरं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच पिल्लाच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं.

तळेघरला ऊस नाही, हे खरंच आहे. जंगल आहे, हे आम्हा दोघांपैकी कुणी बोललं नाही.